फेस कुठे गेला?

डिचोलीहून एका आईचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"बाई, माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, मुलगी पाचाची. सुट्टीच्या शिबिरात मुलाला मातीचा ज्वालामुखी करून दाखवला आणि घरी आल्यापासून रोज तेच चाललंय. सोडा घाला, व्हिनेगर ओता, फेस वर आला की दोघं नाचतात आणि लगेच 'आई, परत!' आठवड्यात सोड्याची तिसरी पुडी संपली. सासूबाईंना खाण्याच्या वस्तूंची अशी नासाडी बघवत नाही, आणि त्यांचं चुकतंय असंही मला वाटत नाही. परवा मुलानं विचारलं, 'आई, फेस कुठे गेला?' मी म्हटलं, 'हवेत गेला.' तर म्हणतो, 'हवेत म्हणजे कुठे?' पुढे मला बोलता येईना. मी मराठी घेऊन बी.ए. केलं. दहावीनंतर रसायनशास्त्राशी संबंध आला नाही, आणि तेव्हाही समीकरणं नुसती पाठ केली होती. एवढ्या लहान मुलांना रासायनिक अभिक्रिया खरंच कळतात का, की ही सगळी गंमतच? ऑनलाइन शंभर प्रयोगांचं एक मोठं किट मिळतं. ते घ्यावं का?"

किटचं आधी सांगते, म्हणजे तो विचार डोक्यातून जाईल. घेऊ नका. शंभर प्रयोग म्हणजे शंभर उड्या. आज रंग बदलला, उद्या फुगा फुगला, परवा काहीतरी चकाकलं, आणि कशाचा कशाशी संबंध नाही. तुमच्या मुलानं एक प्रश्न विचारला आहे आणि तो एवढा चांगला आहे की पाऊस सुरू होईपर्यंत तेवढाच पुरेल. मी फोंड्याच्या एका शाळेत बरीच वर्षं विज्ञान शिकवलं. सोडा आणि आम्लाचं समीकरण बिनचूक लिहिणारी मुलं दरवर्षी भेटायची. फेस कुठे गेला, हे विचारणारं मूल क्वचित भेटायचं.

तुम्ही दिलेलं 'हवेत गेला' हे उत्तर बरोबरच आहे. आता तुमच्या माहितीसाठी, मुलांना इतक्यात सांगायचं नाही: सोडा आणि व्हिनेगर भेटले की तीन गोष्टी तयार होतात. पाणी, त्या पाण्यात विरघळलेला एक क्षार, आणि कार्बन डायऑक्साइड वायू. फेस म्हणजे पाण्याच्या पातळ पापुद्र्यात अडकलेला हा वायू. पापुद्रा फुटला की वायू खोलीभर पसरतो आणि दिसेनासा होतो. नाव लगेच सांगू नका म्हणते त्याला कारण आहे. नाव मिळालं की मुलाला वाटतं, झालं, कळलं. वर्गात मी हे अनेकदा पाहिलं आहे. 'कार्बन डायऑक्साइड' हा शब्द ऐकला की हात खाली जातात. तुमच्या मुलाचा हात अजून वर आहे, तो राहू द्या.

तर पहिलं काम, पळालेल्याला पकडायचं. अर्ध्या लिटरची रिकामी प्लास्टिकची बाटली घ्या, तिच्यात साधारण ७० मिलिलिटर, म्हणजे पाव कपाहून किंचित जास्त, व्हिनेगर ओता. फुगा आधी दोन-तीनदा तोंडानं फुगवून सैल करा. मग त्यात नरसाळ्यानं एक सपाट चमचा खाण्याचा सोडा घाला. नरसाळं नसेल तर कागदाची पुंगळी चालते. फुग्याचं तोंड बाटलीवर चढवा आणि थांबा. इथे थांबणं महत्त्वाचं. आता काय होईल, हे दोघांनाही विचारा. धाकटीला काहीही सांगू दे, "फुगा उडेल" म्हणाली तरी चालेल. मग मुलाला फुगा उचलून सोडा आत पाडायला सांगा. चमचाभर, म्हणजे पाचेक ग्रॅम सोड्यातून हिशेबानं जवळजवळ दीड लिटर वायू निघतो. त्यातला काही पाण्यातच विरघळून राहतो, तरी फुगा चांगला भरतो. ज्याला तुमचा मुलगा 'फेस' म्हणत होता तो आता त्याला दोन्ही हातांत धरता येईल. बाटलीलाही हात लावायला सांगा, गार लागेल. ही अभिक्रिया आजूबाजूची उष्णता ओढून घेते. पाच वर्षांच्या मुलीला डोळ्यांपेक्षा हे हातानं जास्त पटतं.

फुग्याला गाठ मारा. तोंडानं फुगवलेला तेवढ्याच आकाराचा दुसरा फुगा घ्या आणि मुलाला खुर्चीवर उभं करून दोन्ही एकदम सोडायला सांगा. बाटलीवरचा फुगा आधी खाली येतो. का, ते त्यालाच विचारा. माझ्या वर्गात एका मुलीनं सांगितलं होतं, "ह्या फुग्यात जड हवा आहे." तिला वायूचं नाव माहीत नव्हतं, पण जे कळायला हवं ते कळलं होतं. हा वायू हवेच्या साधारण दीडपट जड असतो.

इथे एक इशारा, आणि तो माझ्याच चुकीतून आलेला. नवी शिक्षिका असताना मी हाच प्रयोग फुग्याऐवजी बाटलीला घट्ट बूच लावून दाखवला. दाब किती चढेल याचा अंदाज चुकला. बाटली फुटली नाही, पण बूच बंदुकीच्या गोळीसारखं उडालं आणि पहिल्या बाकावरच्या मुलीच्या कानाजवळून गेलं. तिला काही झालं नाही. पण वर्षभर ती माझ्या टेबलाजवळ आली नाही, आणि तिचा तो मागे सरकलेला चेहरा मी विसरले नाही. बाटलीला झाकण, बूच, क्लिप काहीही लावायचं नाही. ताणला जाणारा फुगा तेवढा चालेल.

दुसऱ्या दिवशी पणती घ्या. खोलगट वाडग्यात ती पेटवून ठेवा, आणि हे तुम्ही स्वतः करा. उंच जगमध्ये सोडा आणि व्हिनेगर एकत्र करा, फेस बसू द्या, आणि मग पाणी ओततो तसा जग वाडग्यावर हळूच कलता करा. द्रव पडू द्यायचा नाही, वरचा वायू तेवढा ओतायचा. पणती विझते. दिसत काहीच नाही, तरी काहीतरी ओतलं गेलं. तुमच्या मुलाच्या 'हवेत म्हणजे कुठे'चं अर्धं उत्तर त्या वाडग्यात आहे. घरात ग्रॅम दाखवणारा वजनकाटा असेल तर उरलेलं अर्धंही मिळेल. व्हिनेगरचा पेला आणि सोड्याचा चमचा एकत्र काट्यावर ठेवा, आकडा लिहून घ्या. मग पेला न उतरवता त्यात सोडा थोडा थोडा घाला, म्हणजे बाहेर सांडणार नाही, आणि चमचा परत काट्यावर ठेवा. फेस बसून पेला शांत झाला की आकडा दोनेक ग्रॅमनं उतरलेला असतो. जो गेला तो वजन घेऊन गेला. आठ वर्षांच्या मुलासाठी यापेक्षा मोठी गोष्ट मला सुचत नाही. जे दिसत नाही त्यालाही वजन असतं.

आता त्या वायूला आणखी कुठे कुठे शोधायचं, ते सांगते. मला यात सर्वांत जास्त रस आहे, आणि गोव्यात राहून हे न करणं म्हणजे वाया घालवणं आहे.

तिसऱ्यांचं तोंडाक झालं की शिंपल्या टाकू नका. चार-पाच स्वच्छ धुऊन वाळवा. एका वाटीत शिंपली, दुसऱ्या वाटीत चिऱ्याचा खडा. चिरा असा निवडा ज्याला सिमेंट किंवा चुना लागलेला नाही, नाहीतर प्रयोग फसवेल. दोन्हींवर व्हिनेगर ओता. शिंपलीवर बारीक बुडबुडे धरतील. चिऱ्यावर सुरुवातीला खड्ड्यांतली हवा निघून एखाद-दुसरा बुडबुडा येईल आणि मग काही नाही. हे 'काही नाही' मुलांना नीट बघू द्या. ज्वालामुखीत दरवेळी काहीतरी होतंच, म्हणून मुलांना वाटतं की व्हिनेगर ही जादूची गोष्ट आहे, कशावरही ओता. चिरा सांगतो, तसं नाही. कोणाला कोण भेटतं यावर सगळं आहे. चिऱ्याचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडांचा, गंजाच्याच कुळातला. शिंपली कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे हाच वायू तिच्यात बांधलेला. व्हिनेगर तो सोडवतं. रोज व्हिनेगर बदलत चार-पाच दिवस ठेवलीत तर शिंपली पातळ होत होत बोटानं मोडू लागते. धाकटीला रोज सकाळी ती चिमटीत धरून बघू दे, मग हात धुवायला लावा. अंड्याचं कवच एक-दोन दिवसांत जातं, तेही चालेल, पण शिंपलीसारखी गंमत त्यात नाही, कारण शिंपलीला पुढे जोडायला गोष्ट आहे.

ती गोष्ट सासूबाईंकडे आहे. नासाडीवरून त्या रागावल्या आहेत ना, मग त्यांनाच प्रयोगात घ्या. पूर्वी आपल्याकडे शिंपल्या भट्टीत भाजून चुना काढायचे आणि त्या चुन्यानं घरं बांधायचे, हे त्यांनी ऐकलेलं किंवा पाहिलेलं असण्याची बरीच शक्यता आहे. मुलांना तो भाग त्यांच्याच तोंडून ऐकू द्या. भट्टीत शिंपली भाजली की तिच्यात बांधलेला वायू निघून जातो आणि चुना उरतो. आता पानाच्या डब्यातला चुना वाटाण्याएवढा घ्या, पेलाभर पाण्यात ढवळा, झाकून रात्रभर ठेवा. सकाळी वरची स्वच्छ निवळी अलगद दुसऱ्या बाटलीत काढा. हे सगळं मोठ्या माणसानंच करायचं. चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. पानाच्या चुन्याच्या पुड्या दाबताना फुटून मुलांच्या डोळ्यांना कायमची इजा झाल्याची उदाहरणं आहेत. मुलांच्या हातात चुना नको, निवळीही नको. चुकून डोळ्यात गेलंच तर लगेच वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवायचा आणि थेट डॉक्टरकडे.

आता एका कोरड्या बाटलीत मुलाला स्ट्रॉनं लांब श्वास सोडायला सांगा, चार-पाच वेळा. स्ट्रॉ काढा. मग आजींनी तीत दोन-तीन चमचे निवळी घालायची, झाकण लावायचं आणि हलवायचं. इथे झाकण चालतं, कारण नवा वायू तयार होत नाही. निवळी दुधाळ होते. निवळीत थेट फुंकायला सांगणारे व्हिडिओ असतात, तसं करू नका. लहान मूल फुंकता फुंकता ओढून घेतं. मग हेच फुग्यातल्या वायूनं करून बघा. तीही दुधाळ. आणि तिसरी बाटली नुसत्या हवेची ठेवा, ती जवळजवळ स्वच्छच राहते. म्हणजे सोड्याचा फेस आणि आपला उच्छ्वास, दोन्हींत तोच पाहुणा. दुधाळ दिसतं ती बारीक भुकटी म्हणजे पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट, ज्याची शिंपली होती तेच. शिंपलीतून वायू निघाला, चुना झाला. चुन्याला वायू परत मिळाला, शिंपलीचा माल परत झाला. स्कॉटलंडमध्ये जोसेफ ब्लॅक यांनी १७५० च्या दशकात चुन्याची निवळी वापरून अगदी हाच माग काढला होता. दगडात बांधलेला, आंबणाऱ्या द्रवातून निघणारा आणि माणसाच्या श्वासात असलेला वायू एकच आहे, हे त्यांना अशानं कळलं. त्या वायूला त्यांनी 'बांधलेली हवा' अशा अर्थाचं नाव दिलं होतं. तुमच्या मुलाला तुम्ही वायूचं आजचं नाव या दिवशी सांगा. तोवर त्यानं त्याला पकडलेलं असेल, ओतलेलं असेल, तोललेलं असेल. नाव आता चिकटेल.

एकच धागा एवढा ताणावा का, असं तुम्हाला वाटेल. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडे यांनी १८६०-६१ च्या नाताळच्या सुट्टीत मुलांना सहा व्याख्यानं दिली, आणि सहाही एका मेणबत्तीवर. फॅरेडे यांच्याकडे दाखवण्यासारख्या चमत्कारांची वाण नव्हती. तरी त्यांनी मेणबत्ती धरून ठेवली.

आता नासाडी. सासूबाईंचं म्हणणं रास्त आहे आणि त्यावर उपाय सोपा आहे. इडलीपात्राची ताटली काढा. स्टीलची असेल तर उत्तम. एकेका खळग्यात चिमूटभर सोडा आणि औषधाच्या ड्रॉपरनं पाच-पाच थेंब. लिंबू, चिंचेचं पाणी, बिंबलाचा रस, भिरंडीचं म्हणजे कोकमाचं आगळ, ताक, साधं पाणी, मिठाचं पाणी, साबणाचं पाणी. एका ज्वालामुखीच्या सोड्यात असे वीस खळगे होतात. कोण फसफसेल आणि कोण नाही, ते आधी दोघांनी सांगायचं, मग थेंब टाकायचे. बिंबलावर सोडा चांगलाच उसळतो. आगळ टाकलंत तर फेसही येतो आणि भिरंडीचा लाल रंग मावळून काळपट होतो. वर लिंबू पिळलंत की लालपणा परतू लागतो. वर्गात एका मुलानं विचारलं होतं, कैरी फसफसते तर पिकलेला मानकुराद फसफसेल का? आम्ही दोन्ही आणले. कैरीचा रस जोरात, पिकलेल्याचा जेमतेम. आंबा पिकताना आंबटपणा कमी होतो, हे तोंडाला माहीत होतंच, आता ते ताटलीत दिसलं. हा प्रयोग कुठल्याच किटमध्ये नसतो. उरलेला आंबा कापून खाल्ला, नासाडी शून्य. मात्र ताटलीत पडलेलं काहीही तोंडात जाणार नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून. सगळ्या वस्तू स्वयंपाकघरातल्या असल्यामुळे मुलांना हा नियम पाळणं जास्त अवघड जातं, म्हणून खाण्याच्या आणि प्रयोगाच्या वाट्या वेगळ्या ठेवा.

तुम्ही विचारलंय, एवढ्या लहान मुलांना अभिक्रिया कळतात का? अणू-रेणू नाही कळत, आणि कळवू नका. 'नवीन काही झालं का?' हा प्रश्न मात्र पाचव्या वर्षीही कळतो. त्यासाठी एक मिठाची वाटी जोडीला ठेवा. मीठ पाण्यात टाकलं की दिसेनासं होतं, सोड्यासारखंच 'गेलं'. ताटलीत ओतून उन्हात ठेवा, दोन दिवसांत मीठ परत. मिठागरात हेच चालतं. रायबंदरला किंवा पेडण्यात आगरवाड्याला जाणं झालं तर मुलांना दाखवा. नवं काही झालं नाही, मीठ मीठच राहिलं. सोडा आणि व्हिनेगरचं उरलेलं पाणी वाळवलंत तर जे पांढरं उरतं, त्यावर पुन्हा व्हिनेगर टाका. फसफसत नाही. (सोडा जास्त झाला असेल तर फसफसेल, म्हणून व्हिनेगर सढळ हातानं घाला.) दिसायला पांढरंच, पण तो सोडा राहिला नाही. 'जे परत मिळत नाही ती रासायनिक अभिक्रिया' असं काही पुस्तकांत सोपं करून लिहितात. तेवढं शिकवू नका. चुन्याची गोष्ट आत्ताच आपण फिरवून परत आणली, आणि भिरंडीचा रंगही परत येतो. परत येणं न येणं हा पुरावा नाही, वेगळा गुण असलेली नवी वस्तू झाली की नाही, हे बघायचं.

दोघांना एकच काम देऊ नका, एवढं लक्षात ठेवा. धाकटीनं अंदाज सांगायचा, वास घ्यायचा (हातानं वारा घालून, नाक वाटीत घालून नाही), गार-गरम सांगायचं आणि चित्र काढायचं. मोठ्यानं एका वेळी एकच गोष्ट बदलायची. व्हिनेगर तेवढंच, सोडा अर्धा. मग सोडा तेवढाच, व्हिनेगर अर्धं. एक वेळ अशी येते की सोडा वाढवला तरी फुगा वाढत नाही. मुलगा वैतागेल आणि म्हणेल, बिघडलं. त्याला बाटलीच्या तळाशी बघायला सांगा, तिथे पांढरा थर पडलेला असेल. व्हिनेगर संपलं आहे, सोडा वाट बघत बसलाय. मोठ्या वर्गात हेच शिकवताना आम्हाला दोन तास लागतात.

ज्वालामुखी बंद करू नका. रविवारी एकदा करू द्या. फक्त त्यांना खरं सांगा, की डोंगरात व्हिनेगर नसतं, तिथे वितळलेला खडक असतो आणि त्यात दाबलेले वायू असतात. दिसायला सारखं, आतून वेगळं. मला भेटलेल्या कितीतरी मुलांना डोंगरात सोडा असतो असं वाटायचं, आणि ती त्यांची चूक नव्हती.

काही गोष्टी घरात अजिबात नकोत. संडास धुण्याचं आम्ल आणि ब्लीच कधीच एकत्र आणू नका, क्लोरीन वायू सुटतो आणि तो फुप्फुसं जाळतो. ब्लीच आणि व्हिनेगरही नाही. व्हिडिओत दिसणारा फेसाचा मोठा स्तंभ बहुतेक वेळा तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइडनं केलेला असतो. तो कातडी भाजतो, तो नको. फटाक्यांची दारू, आगपेटीच्या काड्यांची डोकी यांच्यावर प्रयोग नाहीत. चुन्याच्या निवळीच्या दिवशी सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मे असू द्या. निवळीच्या बाटलीवर नाव लिहून ती उंचावर ठेवा आणि काम झालं की ओतून टाका.

आणि तुमची भीती. मराठी घेऊन बी.ए. केलेल्या आईला मी उलट म्हणेन, तुमच्याकडे या कामासाठी शब्द आहेत. फसफसणं, उसळणं, विरणं, विरघळणं, आंबणं, निवळणं, साकळणं, कळकणं. ताक कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ठेवलं तर कळकतं, हे सासूबाई जाणतात. त्या एका शब्दात धातू आणि आम्लाची अख्खी अभिक्रिया आहे. मुलांना हे शब्द द्या. फेस 'आला' आणि 'गेला' एवढंच म्हणत राहिलं तर दिसतंही तेवढंच. बिंबलानं समई घासताना काळपटपणा जाऊन पितळ उजळतं तेव्हा काय गेलं आणि काय उरलं, ते मुलांना विचारा. उत्तर आलं नाही तर घासलेलं पाणी एका वाटीत धरून ठेवा. पितळेतल्या तांब्याची हिरवट-निळसर झाक त्यात कधी कधी दिसते.

पाऊस लागला की दुसरा प्रश्न आपोआप येईल, कारण गोव्यात पावसाळ्यात लोखंड टिकत नाही. मुलामा नसलेले चार साधे खिळे घ्या. एक कोरड्या बंद बाटलीत, एक नळाच्या पाण्यात, एक समुद्राच्या पाण्यात, आणि एक उकळून गार केलेल्या पाण्यात वर तेलाचा थर देऊन. आठवडाभर रोज बघायचं. तुमच्या डिचोलीच्या खाणींतून जे लाल खनिज निघतं तेही लोहाचं ऑक्साइडच. ते मुरगाव बंदरातून जहाजानं जातं, भट्टीत त्याच्यातला ऑक्सिजन काढून लोखंड करतात, आणि खिळा होऊन ते तुमच्या घरी आलं की पहिल्या पावसात पुन्हा लाल व्हायला लागतं. खाणीच्या ट्रकांची धूळ रोज बघणाऱ्या मुलाला हे सांगायला मिळणं मला फार आवडलं असतं.

पण ते जूनमध्ये. आत्ता एक काम राहिलं आहे. संध्याकाळी पोदेराच्या भट्टीवर मुलालाच पाठवा आणि चमचाभर यीस्ट मागून आणायला सांगा. कोमट पाण्यात दोन चमचे साखर आणि ते यीस्ट, बाटलीवर फुगा, आणि तासभर वाट. हा फुगा सोड्याच्या फुग्यासारखा एकदम उठत नाही, हळूहळू मान वर काढतो. मग सकाळचा पाव मधून फाडून त्यातली भोकं बघायला द्या. पोदेर यीस्ट देताना विचारेलच, कशाला हवं म्हणून. तेव्हा तुम्ही मध्ये बोलू नका. त्याला सांगू दे.